पापुद्रा

नाइट ड्युटीवरून आलं की झोपायचं असतं.
मी बादली उचलते.

बादलीत एसीचं पाणी,
रात्रभर नळीतून थेंब थेंब उतरलेलं.
निवळ. सुकलं तरी डाग ठेवत नाही.
सोहारमध्ये माझ्या मालकीची
एवढीच विहीर.

इथलं दव समुद्राकडून येतं
आणि टपावरची धूळ मळून ठेवतं
भाकरीच्या पिठासारखी.
कोरडं फडकं लावायचं नाही, आधी भिजू द्यायचं.
चिकटलेलं ड्रेसिंगही आम्ही असंच सोडवतो,
सलाइन ओतून, घाई न करता,
पेशंटशी भलतंच काहीतरी बोलत.

गाडी एल्सम्माची. गडद निळी.
कायमची कोट्टयमला निघाली तेव्हा
किल्ली हातात ठेवून म्हणाली,
सेकंड गिअर जरा रुसतो, तेवढं चालवून घे.
तेव्हा मला लायसन्स नव्हतं.
पाच वेळा नापास.
ड्रमांच्या मधून गाडी मागे घ्यायची
आणि दर वेळी डावा ड्रम पडायचा,
रिकाम्या पिंपाचा तो आवाज
वॉर्डातली ट्रॉली आपटली तरी आठवतो.
सहाव्या वेळी पडला नाही
तर मीच पोलिसाला विचारलं, नक्की ना?

सनैयातल्या बख्तावर रंगाऱ्याने बजावलंय:
बाजी, वरचा थर म्हणजे कांद्याचा पापुद्रा.
पॉलिश काही लावत नाही, काढतं.
लावतं ते मेण.
लोक दोन्हींना एकच समजतात
आणि गाडी घासून घासून संपवतात.

म्हणून बोटभरच घेते. लहान लहान गोल,
वितीएवढ्या जागेत,
मनगट दुखेपर्यंत, मग दुसरी वीत.
ओरखड्यावरून नख फिरवून बघायचं:
अडकलं तर तो जाणार नाही.
नाही अडकलं तर आशा आहे.

मध्येच गडहिंग्लजहून व्हिडिओ कॉल.
फोन वायपरला टेकवून ठेवला.
हे म्हणाले, अगं, ह्या कामाला तिथे माणसं मिळतात की,
दोन रियाल टाकले की झालं.
मिळतात ना, म्हटलं.
मीही तशीच मिळालेय इथे.
ते हसले. मग नेट गेलं,
किंवा गेलं असं आम्ही दोघांनी ठरवलं.

टपाच्या काठाशी फडक्यावर निळं उतरलं.
पुसट, शाईचं बोट लागावं तसं.
थांबले.
इथला पापुद्रा आधीच कुणीतरी संपवलाय.
फडकं घडी घालून बाजूला ठेवलं,
तिथे नुसतं मेणच लावलं, फुंकर घातल्यासारखं.

डाव्या दाराच्या मुठीमागे, खळग्यात,
बारीक चंद्रकोरी आहेत. नखांच्या.
वीस-पंचवीस तरी, एकाच दिशेच्या.
माझी नखं ड्युटीमुळे कायम कापलेली.
एल्सम्माचीही. थिएटरची सिस्टर ती,
आणि एकटी राहायची.
मग हे दार इतक्यांदा
कुणी उघडलं?
अंगठा आत घालून पाहिला. नख अडकत नाही.
म्हणजे गेले असते.

ते सोडून पुढे गेले.

मेण वाळलं की गाडी आजारी दिसते,
पांढुरकी, जिभेवर साय धरल्यासारखी.
दुसरं फडकं, कोरडं, मऊ, त्याची न वापरलेली बाजू.
एक हात फिरला आणि बॉनेटमध्ये
शेजारच्या अंगणातली खजुरी उभी,
गच्चीची टाकी,
आणि एक बाई, केस विसकटलेले,
युनिफॉर्मची पँट गुडघ्याशी ओली.

ऊन फाटकापर्यंत आलं.
वरच्या मजल्यावरच्या मुआतसिमने एसी लावला
आणि त्याच्या नळीतून पहिला थेंब
बरोब्बर माझ्या बॉनेटवर पडला.
फुटला नाही, पसरलाही नाही.
गोल बसून राहिला, जरासा थरथरत.

दुसरा पडायच्या आत
गाडी दोन हात मागे घ्यायला हवी.
किल्ली लावली.
आधी डावीकडे बघितलं.